न मागितलेली क्षमा



दशलक्षण पर्वाची सुरुवात उत्तम क्षमेने होते आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी येते. आपण हात जोडून सगळ्यांची क्षमा मागतो. हल्ली तर व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच निरोपात सगळ्या नातेवाइकांची मागून होते. पण ज्याने आपलं घर उद्ध्वस्त केलं आणि जो क्षमा मागायलाही आला नाही, त्याचं काय करायचं? यंदा स्वाध्यायात हा प्रश्न निघाला, तेव्हा मला ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या.

तुमच्यापैकी अनेकींना ती बातमी आठवत असेल. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ पासून ओडिशात होते आणि बारीपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. जानेवारी १९९९ मध्ये केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी ते रात्री गाडीत झोपले होते. सोबत दोन मुलगे होते, फिलिप १० वर्षांचा आणि टिमथी ६ वर्षांचा. जमावाने गाडी पेटवून दिली. तिघेही जळून गेले.

ग्लॅडिसबाई आणि मुलगी एस्थर मागे राहिल्या. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. त्या लगेच मायदेशी गेल्या नाहीत. पुढे काही वर्षं इथेच राहून त्याच कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे बळ कुठून आलं असेल? आमच्या इमारतीत एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका राहतात, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या धर्माच्या मुळाशीच एक निर्दोष माणूस आहे." येशूने काही गुन्हा केला नव्हता, तरी त्याला क्रुसावर खिळलं. त्या वेदनेतही त्याने खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. शेजारच्या क्रुसावर एक गुन्हेगार होता. आपल्याला आपल्या कर्माचं फळ मिळतंय, पण याने काही केलेलं नाही, एवढं तो कबूल करतो आणि येशू त्याला स्वर्गाचं वचन देतो.

मग त्यांनी ईयोबाची गोष्ट सांगितली. सज्जन माणूस, पण संपत्ती गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. मित्र समाचाराला आले आणि म्हणू लागले, तुझ्या हातून काही पाप घडलं असणारच. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर! आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो ती ईयोबालाच.

हे ऐकताना मला माझी भाची दिसत होती. तिच्या नवऱ्याला भरधाव ट्रकने उडवलं, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, "पूर्वकर्म गं, भोगून संपवायचं." तिसऱ्या दिवशी ती मला हळूच म्हणाली, "मावशी, म्हणजे चूक माझीच का?"

मी बी.कॉम. झालेली बाई, मला जमाखर्चाची भाषा लवकर कळते. आपल्याकडे प्रत्येक जीवाचं खातं स्वतंत्र. दुसऱ्याच्या नावे पडलेलं कर्ज तीर्थंकरही फेडत नाहीत. ख्रिस्ती लोक मानतात की एका निर्दोषाने सगळ्यांचं कर्ज स्वतःवर घेतलं. इथे दोन वाटा वेगळ्या आहेत आणि माझी श्रद्धा माझ्या वाटेवर आहे. पण कर्मसिद्धांत मला माझं दुःख समतेने सोसायला शिकवतो. दुसरीची खातेवही उघडून तिला वाचून दाखवायचा अधिकार त्याने मला दिलेला नाही. तिच्या घरी जाऊन भात टाकावा, मुलांना जवळ घ्यावं आणि गप्प बसावं.

आणि क्षमेचं म्हणाल, तर पार्श्वनाथ भगवान आपलेच ना? कमठाने दहा भवांचं वैर धरलं, ध्यानस्थ भगवानांवर वादळ-पाऊस सोडला. रक्षण करणारा धरणेंद्र आणि उपसर्ग करणारा कमठ, दोघांवर त्यांची दृष्टी सारखीच राहिली. कमठाने माफी मागावी म्हणून ते थांबले नव्हते.

क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. ग्लॅडिसबाईंनीही क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. शिक्षेचं काम न्यायालयाचं. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. बाईंनी सोडला तो मनातला द्वेष.

भाचीची केस अजून कोर्टात आहे. ती प्रत्येक तारखेला जाते, आणि जायलाच हवं. ड्रायव्हरला क्षमा कर, असं मी तिला कधी सांगणार नाही. ती तिची तिलाच, तिच्या वेळी सुचली तर सुचेल. तोवर कुणी तिच्यासमोर पूर्वकर्माचा विषय काढला, तर मी मध्येच चहाचं विचारते.

मैत्रिणींनो, तुम्ही अशा वेळी काय बोलता? जरूर कळवा.

जय जिनेंद्र.