स्मायलीच्या सहवासात
जॉन ल कारेची स्मायली-मालिका पुन्हा वाचायला घेतलीय. १९६१ ते २०१७, केवढा पल्ला! हा बुटका, जाडसर हेर टायच्या टोकाने चष्मा पुसतो आणि समोरच्याला बोलू देतो. हाणामारीची सहसा गरजच पडत नाही. ‘टिंकर टेलर’मध्ये तो रात्ररात्र जुन्या फायली उपसत घरभेद्याचा माग काढतो, ती पानं आजही खाली ठेववत नाहीत. ‘ऑनरेबल स्कूलबॉय’ मात्र हाँगकाँगहून निघून नुसती पसरत जाते. पहिल्या पुस्तकाच्या हिशेबाने शेवटच्या कादंबरीत स्मायलीने शंभरी ओलांडलेली असायला हवी. पण फ्रायबुर्गच्या ग्रंथालयात तो भेटतो तेव्हा मी वय मोजत नाही. त्याच्या बायकोचं, ॲनचं मात्र मनाला लागतं. इतक्या पुस्तकांत ती केवळ नवऱ्याची जखम म्हणून उरते. तिची बाजू लिहायला हवी होती.