खाली उतर

हरभऱ्याच्या झाडावर चढायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडतं. ‘शास्त्रपाठ वाचावा तर तुम्हीच,’ असं कुणी म्हटलं, की उपासना संपवून घरी पोचेपर्यंत मी शेंड्यावरच असते. पुढच्या रविवारी तीच बाई न बोलता निघून गेली, की आठवडाभर तिच्या गप्प राहण्याचे अर्थ लावत बसायचं. कालचं कौतुक आज पुरत नाही, हीच त्याची खोड.

म्हणून लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय मला जवळचा वाटतो. यरीहोचा मुख्य जकातदार. पैसा चिक्कार, पत शून्य. अंगाने बुटका, त्यात गर्दी वाट देईना, म्हणून गडी उंबरावर जाऊन बसला. येशू झाडाखाली थांबला, नाव घेऊन त्याला खाली बोलावलं, आज मुक्काम तुझ्याच घरी म्हणाला. लोक कुरकुरले. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची, लुबाडलेलं चौपट फेडण्याची भाषा जक्कयाने केली ती त्यानंतर. आधी हाक, मग सुधारणा. जगाची रीत उलटी: आधी करून दाखवा, मग बघू. पुढे गर्दीने त्याला चांगलं म्हटलं की नाही, हे लूक सांगतच नाही.

पंडिता रमाबाईंनी गर्दीचे दोन्ही चेहरे पाहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मायदेशी टीकेची झोड उठली. ज्या धर्मभगिनींनी तिथे आसरा दिला, त्यांना आज्ञाधारक शिष्या हवी होती. रमाबाई त्यांच्याशीही वाद घालत राहिल्या. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षं गेली, अशी साक्ष त्यांनी स्वतःच दिली आहे. पुढे केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमात त्यांनी दुष्काळातल्या मुली सांभाळल्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. शाबासकी ऐकायला त्या नव्हत्याच.

प्रभुभोजनाच्या रविवारी कठड्याशी गुडघे टेकले, की शेजारच्या ओंजळी दिसतात. एकीच्या नखांत मेथी निवडल्याचा हिरवट काळेपणा, एकाच्या बोटांत घासूनही न गेलेलं वंगण, एका मनगटावर महागडं घड्याळ. पाळक भाकरीचा तुकडा ठेवत पुढे सरकतात. घड्याळापाशी रेंगाळत नाहीत, वंगणापाशी घाई करत नाहीत. आठवडाभरात काय कमावलंस, असं कुणी विचारत नाही.

विश्वासाने माझी कातडी जाड झालेली नाही. टोमणा अजून झोंबतो, स्तुती अजून गोड लागते. पण माझी किंमत तिथे ठरत नाही. ती वधस्तंभावर ठरून गेली आहे. हे मनात पक्कं असतं त्या दिवशी समोरचा माणूस माझा परीक्षक उरत नाही. तो थकलाय, त्यालाही कुणीतरी चांगलं म्हणायला हवंय, हे दिसू लागतं. आणि तसं म्हणायला माझ्या पदरचं काही जात नाही.