कामापुरता मामा

गेले काही दिवस ‘कामापुरता मामा, ताकापुरती आजी’ ही म्हण डोक्यातून हलायला तयार नाही. का, ते सांगत बसत नाही. आमच्या हावड्याच्या ऑफिसातल्या एका माणसाशी तिचा संबंध आहे आणि तो अजून कामावर परतलेला नाही, एवढं पुरे.

म्हण तशी सरळ. गरज असेतो गोड बोलायचं, काम झालं की ओळख विसरायची. लबाड तो भाचा. मामा आणि आजी बिचारी फसणारी. पण नोकरीला लावून पाहिली की गोंधळ सुरू होतो. इथे मामा कोण? पगार देणारा की राबणारा? वरवर पाहता मालकच मामा. त्याच्या पुढेपुढे करायचं आणि दुसरीकडे दोन पैसे जास्त दिसले की राजीनामा टाकायचा. मालक मंडळी एकत्र बसली की नोकरांबद्दल हेच बोलत असतात. मात्र ताक कोण घुसळतं आणि पितं कोण, हे पाहिलं की पारडं फिरतं. ज्याच्याकडून काम काढून घ्यायचं, तो मामा. हे आपल्याला आतून ठाऊक असावं, नाहीतर आपल्या शाळा-कचेऱ्यांत शिपायाला मामा आणि दवाखान्यात लादी पुसणारीला मावशी कशाला म्हटलं असतं?

आमच्या शाळेत घंटा देणारे एक मामा होते. खाकी सदरा, वरचं बटण कायम तुटलेलं. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. उजव्या हातात हातोडी, डाव्या हाताने डावा कान दाबलेला. उजवा कान दाबायला तिसरा हात नव्हता. पुढे पुढे त्यांना हाका ऐकू येईनाशा झाल्या. मुख्याध्यापक ओरडायचे, मामा हसायचे. आवाजाने कान जाणं हा धंद्यापायी होणाऱ्या रोगांच्या सरकारी यादीतला एक रोग आहे, हे मला फार उशिरा कळलं. मामांना ते कधीच कळलं नसणार. एका जूनमध्ये शाळा उघडली तर रुळापाशी दुसराच माणूस. आम्ही त्यालाही पहिल्या दिवसापासून मामा म्हणू लागलो. घंटा वेळेवर होत राहिली. आधीच्या मामांचं नाव काय, हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि आता सांगणारं कोणी उरलेलं नाही.

इकडे बंगालीत मामा वेगळ्याच कामाला येतो. वाजवीपेक्षा जास्त मागितलं की म्हणतात, ‘मामार बाडिर आब्दार’. म्हणजे मामाच्या घरी करायचा लाडाचा हट्ट. बेलिलियस रोडवर लेथची आणि ओतकामाची छोटी छोटी वर्कशॉपं आहेत; तिथे छटपूजेला गावी जाणाऱ्याने चार दिवस वाढवून मागितले की हेच ऐकू येतं. आपला मामा वापरून घेण्यासाठी, यांच्या मामाचं घर लाड पुरवण्यासाठी. तरी दोन्हीकडचं उत्तर एकच, रजा मिळणार नाही.

आमच्या ऑफिसात मामा नाहीत, सगळे ‘दा’ आहेत. साहेबसुद्धा अमुकदा. ऐकायला गोड वाटतं, पण दादापुढे अर्ज सरकवता येत नाही, त्याला कारण सांगावं लागतं. आणि कारण काय, तर झोप येत नाही, छाती धडधडते, जिन्याशी आलं की पाय उचलत नाही. दादा ऐकून घेतो. खुर्ची जवळ ओढतो, मातीच्या भांड्यातला चहा मागवतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, होईल रे सगळं ठीक, एवढा मार्च काढ. त्या हातात खोटं काही नव्हतं, मी शेजारच्याच टेबलावर होतो. माझी अडचण तिथेच आहे. हात खोटा असता तर हा लेख चार ओळींत संपला असता.

आता थोडं भरकटतो. हावड्याचा पूल १९४३च्या फेब्रुवारीत वाहतुकीला खुला झाला. ते युद्धाचं साल आणि बंगालच्या दुष्काळाचंही. नदीकाठच्या ताग गिरण्यांत युद्धासाठी पोती शिवली जात होती. कामगार भुकेने गावी पळाला तर यंत्रं थांबणार, म्हणून बंगाल चेंबर ऑफ कॉमर्स आणि सरकार यांनी १९४२ सालीच योजना आखली होती: कारखान्यांतल्या माणसांना मालकांमार्फत स्वस्तात धान्य. गिरणीच्या फाटकाच्या आत तांदूळ मोजून मिळत होता, आणि तांदूळ पिकवणाऱ्या खेड्यांतली माणसं चालत शहरात येऊन फुटपाथवर मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला, पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

शंभर नंबरी कामापुरता मामा! माणूस जगवला तो मागावर हवा होता म्हणून. आठवडाभर मी या गोष्टीवर मनातल्या मनात चिडत होतो. मग वाटलं, त्या मागावरच्या माणसाच्या पोराला याचं काय? त्याच्या ताटात भात पडला. मालकाचा हेतू काय होता, यावर भात शिजायचा थांबत नाही. आज एखादी कंपनी समुपदेशकाचा फोन नंबर भिंतीवर लावते. उद्देश एवढाच, की माणसं काम सोडू नयेत. मी हसतो. पण रात्री दोनला ज्याला झोप येत नाही त्याने तो फिरवला आणि पलीकडून कोणी उचलला, तर मी हसणारा कोण? एवढ्यावर समाधान व्हावं, तर तो भात पुन्हा आडवा येतो. कारण तांदूळ आला होता खेड्यांतूनच. एका ताटात वाढलेलं दुसऱ्या ताटातून उचललेलं होतं. एकाची रजा मंजूर होते तेव्हा त्याचं काम कोणाच्या टेबलावर जातं, हे ज्यांच्या टेबलावर ते येतं त्यांनाच ठाऊक असतं. सध्या ते माझ्या टेबलावर आहे.

त्याच १९४३च्या मार्चमध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना करायला सांगितलं. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ सालचा, त्यावरून झालेला कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) कायदा १९४८चा. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, १९५५ साली योजना कोलकाता-हावड्यात आली. बालिटिकुरीच्या ईएसआय हॉस्पिटलबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना आडारकर हे नाव माहीत नाही, आणि तेच बरं. त्या योजनेत कोणी मामा नाही, दादा नाही, कोणाचे उपकार नाहीत. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. आजारी पडलात, डॉक्टरचा दाखला आणलात, तर वर्षात ९१ दिवस ७० टक्के मजुरी. लांबलेल्या आजारांच्या यादीत मनाचे गंभीर आजारही आहेत. पण हे सगळं महिना २१ हजारांच्या आत पगार असलेल्यांना. त्यावर एक रुपया गेला की तुम्ही पुन्हा दादाच्या हवाली.

२०२४ साली पुण्यात एका बड्या हिशेब कंपनीत २६ वर्षांची मुलगी मार्चमध्ये रुजू झाली आणि जुलैमध्ये वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, ते देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाने जीव गेला, हे कंपनीने मानलं नाही. चर्चा झाली ती कामाच्या तासांची आणि ते योग्यच होतं. मला मात्र पत्रातलं दुसरंच काही रुतलं: अंत्यसंस्काराला कंपनीतून कोणी आलं नाही. म्हणजे त्या आईला नुसता हिशेब नको होता. तिला कोणीतरी दारात यायला हवं होतं. हे कुठल्या कायद्यात बसवणार? आडारकरांनी नातं बाजूला काढून हक्क दिला म्हणून मी त्यांना मनोमन नमस्कार करतो, आणि ही आई त्या नात्याचाच जाब विचारते.

बेलिलियस रोडवरच्या त्या वर्कशॉपवाल्यांचंही काय करायचं, समजत नाही. दहाहून कमी माणसं, म्हणजे विम्याचा कायदा लागू नाही. मालक स्वतःच लेथवर उभा, नखांत बिडाची काळी पूड, रक्तदाबाची गोळी गल्ल्यातल्या सुट्या नाण्यांत ठेवलेली. कामगार आजारी पडला तर तो पदरचे पाचशे देतो, कधी देत नाही. त्याला जबाबदारी सांगायला जावं, तर तोच विचारेल, माझी कोणाकडे?

सुरुवातीला वाटलं होतं, म्हणीतला भाचा सापडला की त्याला चार शब्द सुनवायचे. आता त्याबद्दल माझी खात्री राहिलेली नाही. चहा मागवणारा दादा बरा की दाखला मागणारी विम्याची खिडकी, असं मला स्वतःला अंथरुणातून उठवेना तेव्हा कोणी विचारलं, तर मी काय म्हणेन कोण जाणे. बहुधा दोन्ही मागेन, आणि त्याला इथे काय म्हणतात ते वर आलंच आहे.

खिडकीबद्दल एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण ती कामगारांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. राज्य विम्यात आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला, तर मात्र ही अट लागत नाही.