खलाशांना खोली होती, लेकींना?

परीक्षेचा निकाल लागला की आपल्या घरांत आधी पेढे येतात आणि दोन दिवसांनी प्रश्न येतो : मुलगी राहणार कुठे? फीची सोय कशीबशी होते. थोडं सोनं मोडतं, थोडी शिष्यवृत्ती मिळते, आखातातले मामू हात देतात. पण मुंबईत एक सुरक्षित खाट मिळवणं हे प्रवेश मिळवण्याहून अवघड आहे, हे गेल्या वर्षी आम्ही अनुभवलं. गुण असूनही केवळ राहण्याची सोय नाही म्हणून घरी बसलेल्या मुली मी माझ्याच गावात पाहिल्या आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही खेड तालुक्यातले. मी शाळेत शिकवते, यांचं छोटं दुकान आहे. धाकटीला परळ भागातल्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या वसतिगृहात जागा थोड्या. तिचं नाव प्रतीक्षा यादीत खाली. मुंब्र्याला माझी नणंद राहते. तिने पहिल्याच फोनला सांगितलं, "भाभी, पोरीला माझ्याकडे पाठवा." पण तिच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं, आणि सकाळच्या लोकलची गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. नणंदेची माया खरी; पण मुलीला रात्री दिवा लावून वाचायला कोपरा लागतो, हेही खरं.

मग दलाल आणि फोन सुरू झाले. माझं मराठी ऐकून समोरचा माणूस मोकळेपणाने बोले. "ताई, कधीही या, पाहून घ्या." शेवटी नाव विचारी. नाव सांगितलं की क्षणभर शांतता, आणि मग, "अहो, ती खोली कालच गेली." एक दलाल निदान स्पष्ट बोलला, "मॅडम, माझी काही हरकत नाही, सोसायटी ऐकत नाही. तुमच्या बोलण्यावरून वाटलंच नाही हो." लेक शेजारी बसून वहीत फुल्या मारत होती. पाचव्या फुलीनंतर तीच म्हणाली, "अम्मी, नाव पहिल्याच वाक्यात सांगत जा. वेळ वाचेल." तेव्हापासून तसंच केलं. होकार कमी आले, पण जे आले ते आम्हाला ओळखून आलेले होते.

आपल्या वस्तीत तरी सगळं सोपं होतं का? तिथे नावाची अडचण नव्हती. एका ठिकाणी मुलींसाठी खाटा होत्या, महिना १२,००० रुपये, दोन महिन्यांचं डिपॉझिट. एका खोलीत सहा मुली आणि एकच न्हाणी. मालकाने आमचं नाव-गाव विचारलं नाही, करारही दाखवला नाही. खोलीची दुसरी चावी कोणाकडे असते असं विचारलं तर म्हणाला, "घरचीच माणसं आहेत." दार मात्र रात्री आठला बंद होणार म्हणजे होणार, आणि हेच तो सुरक्षितता म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होता. हिचं हॉस्पिटलमधलं काम कधी कधी सातला संपायचं. पाऊस पडून गाड्या अडकल्या आणि मुलगी सव्वाआठला दारात पोचली, तर ते बंद दार तिचं रक्षण कोणापासून करणार?

त्या दिवसापासून आम्ही खोलीपेक्षा इतर गोष्टी जास्त पाहू लागलो. दिवसा पाहिलेली जागा रात्री पुन्हा जाऊन पाहायची. स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून दारापर्यंत लेकीबरोबर चालायचं. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, हे पाहायचं. आतून कडी नीट लागते का, चाव्या किती आणि कोणाकडे, पाणी किती वाजता येतं, आग लागली तर दुसरी वाट आहे का, हे विचारायचं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तिथे आधी राहिलेल्या एका तरी मुलीशी मालकाच्या माघारी बोलायचं. भिंतीचा रंग कोणीही सांगेल. मालकाची नजर तीच सांगेल.

कागदांचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. पुष्कळ मालक "विद्यार्थिनींना कशाला करार?" म्हणतात. करार नसला तर डिपॉझिट परत मागताना हातात काहीच नसतं. पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला मालक टाळाटाळ करत असेल, तर आपणही दोनदा विचार करावा. आणि मुलीच्या फोनमध्ये ११२ बरोबर जवळच्या ओळखीच्या एका घराचा नंबर असावा.

शेवटी जागा मिळाली ती दलालाकडून नव्हे. महाडची एक मुलगी त्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. ती माझगावला एका निवृत्त परिचारिकेकडे राहत होती. तिथली एक खाट रिकामी होणार होती. बाई ख्रिस्ती, एकट्या, बोलायला कडक. त्यांनी आमचीच तासभर चौकशी केली. करार स्वतःहून काढला. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "उशीर झाला तर फोन करायचा. कितीही वाजले तरी दार उघडीन. पण कुठे आहेस ते खरं सांगायचं." हे ऐकून यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला पुढे काही विचारायचं उरलं नव्हतं. रमजानमध्ये सहरीला स्वयंपाकघर वापरण्याबद्दल लेकीने भीतभीतच विचारलं, तर बाईंनी गॅस कसा पेटवायचा एवढंच दाखवलं. अल्हम्दुलिल्लाह, वर्ष नीट गेलं.

पण एखादी भली बाई भेटणं हा नशिबाचा भाग झाला. सगळ्याच मुलींचं शिक्षण नशिबावर कसं सोडायचं?

माझे आजोबा मोगल लाइनच्या जहाजावर होते. जहाज लागायची वाट पाहत ते मुंबईत महिना-महिना राहत, ते डोंगरीत आमच्या गावच्या जमातीने घेतलेल्या खोलीत. भिंतीला ओळीने ट्रंका, जमिनीवर चटया, महिन्याची ठरलेली वर्गणी, आणि आजारी पडलं तर बघायला गावचं माणूस. कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या मुंबईत होत्या. फार शिकलेली नसलेली ती माणसं. पण परक्या शहरात आपल्या माणसाला छप्पर लागतं, हे त्यांना कळलं होतं. शिक्षणासाठी हेच राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं. त्यांच्या कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन मुस्लिम मुलांचीही राहण्याची सोय झाली.

आज गावातून जहाजावर जाणारे कमी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली जास्त आहेत. आणि आपल्याच लोकांचे मुंब्रा, कुर्ला, मीरा रोडचे कितीतरी फ्लॅट मालक परदेशात असल्यामुळे कुलपात पडून आहेत. प्रत्येक जमातीने असा एकच फ्लॅट रीतसर करार करून चार मुलींसाठी घ्यावा. भाडं मुलींनी द्यावं. फुकट कोणी मागत नाही. देखरेखीच्या समितीत निम्म्या तरी बाया असाव्यात, आणि त्यांतली एक अशी असावी जी रात्री दहाला आलेला फोन उचलेल. नियम लिहून भिंतीवर लावावेत, आणि लिहिताना मुलींनाही विचारावं.

आमच्या जमातीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. लेकीची वही बरोबर नेणार आहे. तिच्यात जागांचे पत्ते आहेत, भाडी आहेत, आणि फुल्याही आहेत. वाचक बहिणींनो, तुमच्या गावची एखादी खोली मुंबईत कुलपात असेल, तर तिची चावी कोणाकडे आहे, एवढं तरी या महिन्यात विचारून पाहा.