कट्ट्यावरचा हिशेब

दिवाळीच्या आधीचे दिवस आमच्या पाचोडात मोसंबीचे असतात. आंबे बहराचे फळ उतरू लागते, अडतीच्या आवारात हिरव्या-पिवळ्या फळांचे ढीग लागतात आणि बीडकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला मालवाहू गाड्या उभ्या राहतात. मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वडिलोपार्जित शेतात मोसंबीची दोनशे झाडे आहेत. शाळा आणि बाग सांभाळून संध्याकाळी तासभर लिंबाखालच्या कट्ट्यावर बसायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे.

कट्ट्यावर ठरलेली मंडळी असतात. अडतीत हिशेब लिहिणारे अप्पा, एक निवृत्त पोस्टमन, एक टेम्पोचालक आणि पूर्वी खो-खो खेळलेले दोन तरुण. एरवी पाऊस, भाव आणि राजकारण यांवर बोलणे होते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मात्र एकच विषय होता. तालुक्यातील महाविद्यालयाचा मुलींचा खो-खो संघ यंदा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत विजेता होणार की नाही? आदल्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरला होता. संघातील चार मुली आमच्या परिसरातल्या होत्या आणि त्यांपैकी एक माझी थोरली लेक होती.

कट्ट्यावरची चर्चा अत्यंत गांभीर्याने चाले. आमच्या विद्यापीठात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. त्यातही धाराशिवच्या मुलींशी गाठ पडणार, या कल्पनेनेच मंडळी सावध होत. ज्या जिल्ह्याने सारिका काळेसारखी भारताची कर्णधार आणि 2020 सालची अर्जुन पुरस्काराची मानकरी दिली, तेथील मुली खांबावर सहज हाती लागणार नाहीत, असे पोस्टमन बजावत. त्यावर तरुण मंडळी त्याच वर्षीच्या जानेवारीतील पहिल्या खो-खो विश्वचषकाचा दाखला देत. दिल्लीत 19 जानेवारी 2025 रोजी भारताच्या मुलींनी नेपाळचा 78-40 असा पराभव केला होता आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. “बीडची लेक जग जिंकती, मग आपल्या पोरींनी विद्यापीठ जिंकायला काय हरकत आहे?” असा त्यांचा बिनतोड सवाल असे.

अप्पा हिशेबाचे माणूस. ते वहीच्या मागच्या पानावर संघाचे गणित मांडत. खो-खोत नऊ मिनिटांची एक पाळी असते आणि बचाव करणाऱ्या खेळाडू तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. पहिल्या तुकडीने सहा-सात मिनिटे काढली, तर अर्धी लढाई तेथेच जिंकली जाते. आमच्या पहिल्या तुकडीत माझी लेक होती. आदल्या वर्षी ती एकटी 2 मिनिटे 50 सेकंद पळाली होती. यंदाच्या सराव सामन्यांत मात्र तिची वेळ 1 मिनिट 40 सेकंद, मग 1 मिनिट 25 आणि शेवटी 1 मिनिट 10 सेकंदांवर आली. अप्पांच्या वहीत ती घसरण निळ्या शाईने स्पष्ट दिसत होती.

“सर, राग मानू नका,” टेम्पोचालक म्हणाला, “पण तुमच्या लेकीचं खेळात मन राहिलं नाही आता.”

“मोबाईल,” पोस्टमन म्हणाले. त्यांच्या मते सर्व रोगांचे मूळ तेच.

आणखी कोणीतरी पुस्ती जोडली, “एकोणीसची झाली. आता स्थळं बघायला लागा, खेळ किती दिवस?”

मी या बोलण्याला विरोध केला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. मीही मान डोलावली. “आळसावली आहे खरी,” असे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. इतकेच नव्हे, तर घरी जाऊन तिला तेच ऐकवले. ती काही बोलली नाही. जिन्याने वर गेली आणि मधल्या पायरीवर क्षणभर थांबली. ते थांबणे मी पाहिले, पण मला ते रुसणे वाटले.

रात्री पत्नी म्हणाली, “तुम्ही तिला बोललात, पण एक सांगते. ती महिनाभर कच्चे तांदूळ खाते आहे. डब्यात हात घालते आणि मूठभर तोंडात टाकते. मी लहान असताना माझी बहीण असंच करायची. तिला पुढं रक्त कमी निघालं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रथमच लेकीच्या दिवसाकडे लक्ष देऊन पाहिले. पहाटे साडेपाचला ती चहा आणि दोन बिस्किटांवर सरावाला जात होती. परतल्यावर पुन्हा चहा आणि घाईत अर्धी भाकरी. दुपारचा डबा अनेकदा तसाच परत येई. रात्री आधी माझे आणि धाकट्या मुलाचे जेवण होई, मग मायलेकी मिळून उरलेले वाढून घेत. भाजी तोवर तळाशी गेलेली असे. आमच्या घरात कोणी कोणाला उपाशी ठेवत नव्हते. ताटांचा हा क्रम आईच्या वेळेपासून चालत आला होता आणि तो कोणी मुद्दाम ठरवलेला नसल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवरही येत नव्हता.

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि विचारले, “जिना चढताना धाप लागते का? छातीत धडधडतं का?” तिने होकार दिला. “पाळीत रक्त जास्त जातं का?” यावर तिने माझ्याकडे पाहिले. मी उठून बाहेर गेलो. बापाने कधी आत बसायचे आणि कधी बाहेर जायचे, हेही मी त्या दिवशी शिकलो.

तपासणीत हिमोग्लोबिन 8.6 निघाले. या वयाच्या मुलीला ते किमान 12 हवे. 8 ते 10.9 म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय आणि 8 च्या खाली गेला तर तो तीव्र. डॉक्टरबाईंनी मला समजेल अशा भाषेत सांगितले, “हिमोग्लोबिन म्हणजे फुप्फुसांतून स्नायूंपर्यंत प्राणवायू वाहून नेणारी गाडी. तुमच्या मुलीकडे दहापैकी सातच गाड्या आहेत. चालण्याफिरण्यापुरत्या त्या पुरतात, वेगाने पळताना पुरत नाहीत. तिचं मन मैदानातच आहे, सर. पायांपर्यंत हवा पोचत नाही.”

कट्ट्यावर आम्ही वाऱ्याची दिशा, मैदानाची माती, प्रतिस्पर्ध्यांचे सूर मारण्याचे कसब, सगळे हिशेबात धरले होते. जिच्या पायांवर तो हिशेब उभा होता, तिच्या रक्ताचा आकडा तेवढा कोणाच्या वहीत नव्हता.

आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. शाळेत दर आठवड्याला मुलामुलींना लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. आमच्या शाळेत त्या गोळ्या वाटण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. माझी लेक त्याच शाळेत शिकली. परतीच्या वाटेवर मी तिला विचारले, “तू त्या गोळ्या घेत होतीस ना?” ती थोडी हसली. “मळमळायचं, बाबा. आम्ही सगळ्याजणी हौदामागं टाकून द्यायचो.” मी नोंदवहीत बरोबरची खूण करत असे आणि गोळ्या हौदामागे पडत. उपाशीपोटी घेतल्यास ही गोळी मळमळवते, म्हणून जेवणानंतर द्यावी, समोर गिळायला लावावी, हे मला माहीत होते. पण माहीत असणे आणि करणे यांत अंतर राहिले.

हे एकट्या माझ्या घरचे नाही. 2019 ते 21 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 19 वयोगटातील शंभर मुलींपैकी 59 मुलींना रक्तक्षय आहे. ज्या पाचोडात इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी संध्याकाळचे जीवनकौशल्य वर्ग चालवले, मुलींचा आहार आणि लग्नाचे वय यांवर घरोघरी बोलणे सुरू केले, त्याच गावातला मी शिक्षक. त्या कामानंतर या भागात मुलींच्या लग्नाचे वय सरासरी वर्षभराने पुढे गेल्याचे अभ्यासांत नोंदले गेले आहे. दिवा जवळ असूनही माझ्या ओसरीत अंधार राहिला.

स्पर्धा चार आठवड्यांवर होती. संध्याकाळी मी कट्ट्यावर 8.6 हा आकडा सांगितला. प्रथम शांतता पसरली. मग उपाय सुरू झाले. “एक सलाईन लावा, तरतरी येईल,” टेम्पोचालक म्हणाला. “गूळ-शेंगदाणे चारा, महिन्यात रक्त भरतं,” पोस्टमन म्हणाले. अप्पांनी वही उघडली आणि हळूच विचारले, “निदान अंतिम सामन्यापुरती उतरवता येईल का?”

हेच प्रश्न मी डॉक्टरबाईंना आधीच विचारले होते. सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी, त्यातून रक्त तयार होत नाही. गूळ-शेंगदाणे खावेत, पण इतकी तूट केवळ आहाराने भरून निघत नाही. गोळ्या नियमाने घ्याव्याच लागतात. गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन महिन्याला साधारण एका ग्रॅमने वाढते आणि आकडा 12 च्या वर गेल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरावा म्हणून औषध काही महिने चालू ठेवावे लागते. म्हणजे स्पर्धेपर्यंत ती जेमतेम साडेनऊवर पोचणार होती. अशा वेळी जोराचा सराव केल्यास हृदयावर ताण येतो. “या वर्षी नाही,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

लेकीने हे ऐकून घेतले. रात्री बराच वेळ तिच्या खोलीतला दिवा चालू होता. सकाळी तिने स्वतः क्रीडाशिक्षकांना अहवाल दाखवला आणि म्हणाली, “सर, मी पळणार नाही. पण मला संघाबरोबर न्या.” त्यांनी ते मान्य केले.

आमच्या स्वयंपाकघरात मात्र बदल झाले. डॉक्टरांनी तिला जंताची गोळी दिली आणि लोहाची गोळी रोज दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. शौचाचा रंग काळा होईल, थोडी बद्धकोष्ठता होईल, त्याला घाबरून औषध सोडू नका, असेही बजावले. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला. चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर हवे. उलट ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. ताटात लिंबाची फोड, पेरू, आवळा किंवा मोसंबी असावी, असे त्या म्हणाल्या. हे ऐकताना मला माझी दोनशे झाडे आठवली. चांगले फळ निवडून आम्ही बाजारात पाठवतो. घरी खायचे ते डागाळलेले, आणि तेही पाहुणे आले तर. त्या दिवसापासून पहिली टोपली घरात येते. बाजरीची भाकरी, मेथी-चवळीची भाजी, उसळी, हळिवाचे लाडू आणि आठवड्यातून दोनदा अंडी किंवा मटण असा बेत पत्नीने आखला. सर्वांत मोठा बदल साधा होता. आम्ही चौघे आता एकत्र जेवायला बसतो. पत्नीचीही तपासणी केली. तिचे हिमोग्लोबिन 9.8 निघाले. तिचा जिना चढताना थांबण्याचा काळ तर वीस वर्षांचा असेल.

स्पर्धेला आम्ही कट्ट्यावरचे सगळे टेम्पोतून गेलो. लेक राखीव खेळाडूंच्या बाकावर होती. ओरडून ओरडून ती मैदानातील मैत्रिणींना “मागं, मागं, खांब धर” असे सांगत होती. उपांत्य सामन्यात आमचा संघ तीन गुणांनी हरला. तिच्या जागी उतरलेली प्रथम वर्षाची मुलगी दीड मिनिट पळाली आणि बाद झाल्यावर रडत बाहेर आली, तेव्हा माझ्या लेकीने तिला जवळ घेऊन पहिल्यांदा काय विचारले, ते मी ऐकले. “सकाळी काही खाल्लं होतंस का?”

परतीच्या वाटेवर टेम्पोत कोणी फारसे बोलले नाही. ‘ती असती तर’ हे वाक्य प्रत्येकाच्या ओठांवर होते, पण कोणी उच्चारले नाही. पाचोडच्या फाट्यावर सगळे उतरले. अप्पा मागे रेंगाळले. वही काखेत धरून त्यांनी दबक्या आवाजात विचारले, “सर, ती रक्ताची तपासणी कुठं करतात? आमच्या सुनेला अलीकडं लई थकवा येतोय. आम्ही समजत होतो, कामाचा कंटाळा करती.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेकीचे हिमोग्लोबिन 12.1 झाले. डॉक्टरांच्या परवानगीने तिने हळूहळू सराव वाढवला आहे आणि गोळ्या अजून चालू आहेत. परवा ती 2 मिनिटे 20 सेकंद पळाली. यंदा संघ जिंकेल की नाही, यावर कट्ट्यावर पुन्हा जोरात वाद सुरू झाला आहे आणि धाराशिवची धास्तीही कायम आहे. अप्पांच्या वहीत आता प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वेळेशेजारी आणखी एक रकाना आहे. त्यात आकडा मुलीने स्वतः सांगितला तरच लिहायचा, असा नियम माझ्या लेकीने घालून दिला आहे. अजून तीन रकाने रिकामे आहेत. त्या तिघींच्या घरी पुढच्या आठवड्यात पत्नी आणि लेक जाणार आहेत.