केंद्रक असलेले, केंद्रक नसलेले

१
मालगुंड. पाऊस थांबून तास झाला. गडग्याच्या जांभ्यावर दोन पट्टे: एक मऊ हिरवा, एक काळपट, बुळबुळीत. गावात दोन्हींना शेवाळच म्हणतात. हिरव्याच्या पेशींत केंद्रक आहे. काळपट थर नीलहरित जिवाणूंचा, त्यांत नाही.

२
आदिकेंद्रकी, दृश्यकेंद्रकी. पाठ्यपुस्तकातले हे शब्द मला आवडतात. पहिल्या प्रकारच्या पेशीत डीएनए उघडाच, भोवती पटल नाही. दुसरीत तो दुपदरी पटलाच्या आत.

३
माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. तरी ती आदिकेंद्रकी नव्हे. तिला केंद्रक होतं, तयार होताना तिनं ते बाहेर टाकलं. मुलं इथे हमखास चुकतात.

४
थंडीतल्या काळोख्या रात्री लाट फुटताना कधीकधी निळी चमकते. नॉक्टिल्युका. एकच पेशी, केंद्रकासह, पण रव्याच्या कणाएवढी. नुसत्या डोळ्यांना दिसते.
शिळी मासळी अंधारात चमकली तर तो उजेड जिवाणूंचा.

५
कवी केशवसुत. जन्म इथे मालगुंडला, १८६६. मृत्यू हुबळीला, १९०५, प्लेगनं. वय ३९.
प्लेगचा जिवाणू दोन-एक मायक्रोमीटर लांब. हजार ओळीनं ठेवले तर दोन मिलिमीटर. यर्सिन यांना तो १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. हाफकिन यांची लस मुंबईत १८९७ मध्ये तयार झाली होती. झालेला प्लेग बरा करणारं औषध मात्र नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्यांच्या स्मारकाच्या पायरीवर बसलं की ही मधली ३८ वर्षं मला फार लागतात.

६
स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोझोमला चिकटतं, त्याची प्रथिनं बिघडतात, तो मरतो. आपल्या पेशीद्रवातले रायबोझोम मोठे, घडणीनं वेगळे. ते बहुतांशी सुटतात. रोगी वाचतो तो या फरकामुळे.

७
पण आपल्या तंतुकणिकांतले रायबोझोम जिवाणूंच्या वळणाचे. डीएनएही स्वतःचा, गोल. तंतुकणिका म्हणजे एके काळी दुसऱ्या पेशीत शिरून राहिलेले जिवाणू, हे लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये नेटानं मांडलं. आज ते मान्य आहे. स्ट्रेप्टोमायसिननं काही रोग्यांचे कान गेले, त्याचं एक कारण इथे सापडतं.

८
शिक्षकांना विनंती. फरकांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी दोन काचपट्ट्या दाखवा. कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडिनचा थेंब: प्रत्येक चौकटीत एक गडद ठिपका. मग पाण्यात कालवलेलं दही, मेथिलीन ब्ल्यू लावून: बारीक काड्या, मण्यांच्या माळा, आत ठिपका नाही. तक्ता दुसऱ्या दिवशी लिहा.