शेऱ्याआधी

शाळाभेटीला वर्गात गेलं की खुर्ची पुढे येतेच. मी ती घेत नाही, मुलांमध्ये सतरंजीवर बसते. खुर्चीवरून बाई दिसतात. सतरंजीवरून बाईंना जे दिसू शकत नाही ते दिसतं. कुणाची पाटी अजून कोरी आहे, कोण शेजारणीचं बघून उतरवतंय, घरची बोली वेगळी असल्यामुळे कुणाला सूचना उमगायला क्षणभर जास्त लागतोय.

केंद्रप्रमुखाच्या पुढ्यात शेरेबुक असतं. ‘फलकलेखन चांगले. वाचनाचा सराव घ्यावा.’ हे वर्गात न जाताही लिहिता येईल. शिक्षक ते वाचतात, खाली सही करतात, वही कपाटात जाते. अशा शेऱ्याने कुणाचं शिकवणं बदललेलं मी पाहिलेलं नाही.

एका द्विशिक्षकी शाळेतला दुसरीचा तास आठवतो. फळ्यावर ५२ वजा २७. एका मुलीने लिहिलं ३५. बाईंनी ते पुसलं नाही, चूकही म्हटलं नाही. विचारलं, “कसं केलंस?” मुलगी म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.” सरळ, विचार करून दिलेलं उत्तर. बाईंनी दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. “यातल्या सत्तावीस मला दे.” तिने दोन जुड्या दिल्या, सुट्या दोन दिल्या आणि थांबली. बराच वेळ थांबली. मागची पोरं चुळबुळू लागली, पण बाई गप्प. मग मुलीने तिसऱ्या जुडीचं रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजू लागली.

पाच मिनिटं आधी उठून गेलेल्या माणसाने लिहिलं असतं, ‘फळ्यावर चुकीचे उत्तर तसेच ठेवले.’ आणि ते खरंही ठरलं असतं!

शेरा मारण्याआधी नीट बघायचं: बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी भागात नेमकं हेच केलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर त्यांना शिक्षणाची ओढ नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी मुलं दिवसभर कुठे असतात ते पाहिलं. ती गुरांमागे रानात होती. मग शाळाच कुरणात गेली, कुरणशाळा झाली. शिक्षकांकडेही असंच बघावं, असं मला मनापासून वाटतं. एखाद्या बाई अमुक का करत नाहीत, याचं कारण बहुधा त्यांच्या दिवसात दडलेलं असतं: दोन वर्ग एकाच खोलीत, मधूनच आलेली तातडीची माहिती, खिचडीचा हिशेब.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी विचारलं, “मुलगी थांबली तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?”

“सांगून टाकावं असं फार वाटत होतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण एक कराल का? पुढच्या वेळी माझ्याकडे नका बघू. मी दुसरीला शिकवते तेव्हा पहिलीची पोरं काय करतात, ते बघून सांगा. मला पाठीमागचं दिसत नाही.”

पुढच्या भेटीत मी पहिलीच्या ओळीत बसले आणि दोन पानं भरून टिपलं. शेरेबुकात नव्हे, त्यांच्याच वहीत.